धुराडं मोकळं ठेवा

चूल बांधणाऱ्या बाईला तिनं बांधलेल्या चुलीवरचा चहा कधी मिळत नाही. माती ओली असते, ती सावलीत नीट वाळावी लागते, आणि ती वाळेपर्यंत बाई पुढच्या गावात पोचलेली असते. मिळतो तो चहा अंगणात तीन दगड मांडून केलेला. माझी उमर असा धुरकट चहा पिण्यात गेली.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, 'मावशी, चुलीच्या जुन्या आठवणी लिहा, चुलीवरच्या भाकरीची चव वगैरे.' चव सांगायला हल्ली माणसं पुष्कळ आहेत. वारंगा फाट्याला जा, 'चुलीवरचं जेवण' अशा पाट्या दिसतील. शहरातली मंडळी गाड्या थांबवून जेवतात, चुलीपुढं बसून फोटो काढतात आणि डोळे चुरचुरायला लागले की पाच मिनिटांत गाडीत जाऊन बसतात. भाकरी थापणारी मात्र तिथंच बसलेली असते. मला चुलीबद्दल जे माहीत आहे ते गोड नाही. ज्यांना चिवडा खाता खाता वाचायचंय त्यांनी पुढचं पान काढावं.

मी निर्धूर चुली बांधायचे. हे नाव सरकारी योजनेनं दिलं, आणि माझा पहिला राग त्या नावावर आहे. तो का, ते पुढं येईल.

ज्यांनी अशी चूल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. साध्या चुलीचा धूर घरभर फिरतो आणि बाईच्या छातीत मुक्कामाला राहतो. आमच्या चुलीला पुढं जाळ घालायचं तोंड, वर भांड्याचं भोक, बाजूला वैलाचं, म्हणजे दुसऱ्या भांड्याचं, भोक, आणि वैलाच्या मागून मातीचा बोगदा थेट पाइपात जातो. हा पाइप म्हणजे धुराडं. ते छपराच्या वर दोन हात तरी गेलं पाहिजे, नाहीतर वारा धूर परत घरात ढकलतो. वर पावसासाठी टोपी. पाइप लाकडी वाशाला किंवा तुराट्यांच्या कुडाला टेकता कामा नये, टेकला तर एक दिवस कूड पेटतो. मध्ये वीतभर मातीचा लेप हवाच. काळी माती तडकते, म्हणून पांढरी घ्यायची. त्यात गव्हाचा भुसा, राख आणि गाढवाची लीद. लीद गोळा करायला मी टोपलं घेऊन कुंभाराच्या घरी निघाले की गावातली टवाळ मंडळी म्हणायची, "प्रयागबाई निघाल्या गाढवं राखायला." मी म्हणायचे, "तुमाला सोडून गेले असते व्हय?"

चूल झाली की मी घरातल्या बाईला समोर बसवून चार गोष्टी सांगायचे. कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या जाळू नका, पाइपात काजळी धरते आणि एक दिवस पाइप आतून पेटतो. दर अमावस्येला खालचं झाकण काढून काजळी पाडा. चुलीशेजारी सरपणाचा ढीग लावू नका, लेकराची झोळी बांधू नका. आणि जाळ घालायच्या आधी उदबत्ती पेटवून चुलीच्या तोंडाशी धरा. तिचा धूर आत ओढला गेला तर धुराडं मोकळं. बाहेर तुमच्या तोंडावर आला तर कुठंतरी तुंबलंय, आधी ते बघा. बायकांना ही उदबत्ती फार आवडायची. त्यांना वाटायचं पूजाच आहे. हळदकुंकू वाहायच्या, नमस्कार करायच्या. मी म्हणायचे, करा नमस्कार, पण उदबत्ती आत धरा.

शेवटची गोष्ट मी दोनदा सांगायचे. विस्तव आहे तोवर धुराडं मोकळं ठेवा, धूर दिसो का न दिसो. फुललेल्या निखाऱ्याला धूर नसतो, पण त्याचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, खोकला येत नाही. नुसती गुंगी येते आणि माणूस झोपतो तो झोपतोच. हे ऐकून सगळ्या "व्हय व्हय" म्हणायच्या आणि विचारायच्या, "पण भाकर लौकर व्हती ना?"

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. नरसीच्या बाजूच्या एका म्हाताऱ्यानं मला भर रस्त्यात अडवलं. बियाण्याची कणसं तो पिढ्यान्‌पिढ्या चुलीच्या वर आढ्याला टांगत आलेला. "तुह्या चुलीनं माह्या बियाण्याला कीड लावली," म्हणाला. मी हसले, मग घरी जाऊन बघितलं तर खरंच होतं. धुरानं कीड लागत नव्हती, धूर गेला आणि पोरकिडे आले. प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं. एका घरातली सून इतकी टापटिपीची की रोज चूल सारवायची, आतूनसुद्धा. सारवून सारवून बोगदा उंदराच्या बिळाएवढा उरला आणि मग ती मलाच म्हणाली, "बाई, तुमची चूल धुपते." योजनेचे साहेब एकदा फोटो काढायला आले तेव्हा त्या गावात पाइप पोचलेच नव्हते. मग शेजारच्या गावातला एक पाइप आणला, प्रत्येक घराच्या चुलीला लावला, फोटो काढला आणि पुढच्या घरी नेला. फोटोत सगळं गाव निर्धूर दिसतं.

आणखी एक सांगून टाकते, कारण सणाच्या अंकात कुणी हे लिहीत नाही. आम्ही बौद्ध. कित्येक घरांत माझ्या हातची चूल चालायची, माझ्या हातचं पाणी चालायचं नाही. मी माती लिंपून उंबऱ्याबाहेर पडले की आत गोमूत्र शिंपडायचे. एकदा मी विसरलेली थापी घ्यायला परत गेले तेव्हा ते डोळ्यांनी पाहिलं. घरची बाई ओशाळली आणि म्हणाली, "सासूबाईचं असतं तसं." चूल तशीच राहिली, त्यावर त्यांनी पुरणपोळ्या केल्या असतील. त्या घराची काजळी काढायला मी पुन्हा गेले नाही.

म्हणून चंदीबाई मला एवढी जवळची.

पुसेगावच्या अलीकडं माळावर तांडा आहे, तिथली ती. माझ्याच वयाची. तांड्यात चूल घेणारी पहिली बाई तीच. तिचं नवं घरकुल, एकच मोठी खोली, वर स्लॅब. मिस्त्री म्हणाला, स्लॅबला भोक पाडू देणार नाही, गळेल. नवराही त्याचीच री ओढायला लागला. चंदीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "घर माह्या नावावर हाय का तुह्या? बाई, पाड भोक." भोक पाडलं, भोवती सिमेंटचा कठडा केला आणि ते कधी गळलं नाही. चूल वाळल्यावर तिनं मला मुद्दाम निरोप धाडला. नव्या चुलीवरची पहिली भाकरी तिनं माझ्या ताटात वाढली, वर ठेचा, आणि माझ्यासमोर त्याच ताटातला तुकडा मोडून खाल्ला. मला ताट धुऊ दिलं नाही. एवढ्या वर्षांत मी बांधलेल्या चुलीवरची ती एकच भाकरी मी खाल्ली.

काजळी काढावी तर चंदीबाईनंच. अमावस्या चुकायची नाही. तांड्यातल्या बाकीच्या बायकांना ती हाताला धरून घेऊन यायची. मी कुठंही गेले की तिचं उदाहरण द्यायचे, आणि खरं सांगायचं तर मिरवायचेसुद्धा.

तिची लेक ललिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, भर थंडीत. मुलगा झाला. त्या आठवड्यात पुसेगावच्या बाजारात चंदीबाई भेटली, ओवा आणि शेपा घेत होती. म्हणाली, "बाजंखाली शेगडी ठिवाव म्हणते. लई गारठा हाय."

मी म्हणाले, "बाजेखाली ठेवू नको, चंदीबाई. निखारे ठेवायचेच तर चुलीत ठेव. त्याचा वायू धुराडं ओढून नेतं, ऊब घरात राहते. आणि खिडकीची फट राहू दे."

"चुलीतच ठिवते," ती म्हणाली. तिनं माझं ऐकलं नाही असं कुणी म्हणू नये.

बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वारं लागलं की बाळंतरोग होतो, दूध आटतं. पूर्वी ती रीत कुडाच्या घरात पाळायचे. दार लावलं, गोणपाट टांगलं तरी कुडाला शंभर फटी असायच्या आणि त्या फटीच बाईला जगवायच्या. आता घर सिमेंटचं, दार लोखंडी, खिडकी घट्ट. रीत मात्र कुडाच्याच घरातली राहिली.

त्या सकाळी चंदीबाईनं पाणी बाहेर दगडांवर तापवलं. लेकीला न्हाऊ घातलं, शेक दिला. त्या दगडांमधले फुललेले निखारे घमेल्यात घेऊन आतल्या चुलीत ओतले, मी सांगितलं होतं तस्से. मग तिला धुराड्यातून गार वारं खाली उतरल्यासारखं वाटलं. चुलीत धूर तर नव्हता. धूर नाही तर धुराड्याचं काम काय? तिनं आपलं जुनं मऊ लुगडं फाडलं, त्याचा बोळा केला आणि झाकण काढून पाइपात कोंबला. खिडकीला पोतं लावलं. लेकीच्या अंगावर गोधडी घातली, दार ओढून घेतलं आणि नातवाला तेल लावायला अंगणात कोवळ्या उन्हात घेऊन बसली. लेकरू रडायला लागलं तेव्हा पाजायला म्हणून आत गेली. ललिता उठली नाही.

जीप करून हिंगोलीला नेलं. चंदीबाईचा थोरला मुलगा बाळू बरोबर होता. डॉक्टर म्हणाले, आणायच्या आधीच गेली, आणि कशानं गेली तेही त्यांनी बाळूला समजावून सांगितलं. चंदीबाई तेव्हा लेकरू घेऊन घरीच होती. बाळूनं घरी काही सांगितलं नाही.

मी तांड्यावर पोचले तेव्हा निकाल लागून गेला होता. पोरीला वारं लागलं. कुठून लागलं? दार बंद, खिडकी बंद, मग उरलं ते धुराडं. स्लॅबला भोक पाडून वाऱ्याला वाट करून दिली, असं बायका माझ्या तोंडावर बोलल्या. एक म्हातारी म्हणाली, "लुगडं कोंबलं पन उशीर झाला, आधीच कोंबाया पाहिजे व्हतं." मी बघत होते, तोवर दोन घरांच्या पाइपांत चिंध्या गेल्याही होत्या. त्यातलं एक घर सविताचं, तिचे दिवस भरत आलेले.

बाळूनं मला घराच्या मागं नेलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं आणि माझे पाय धरले. "मावशी, मायला सांगू नका. माय मरंल."

मी त्याला उठवलं आणि परत अंगणात आले.

चंदीबाई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठली, हाताला धरून आत नेलं, त्याच खोलीत. चूल गार होती. तिनं विचारलं, "तू चुली बांधती. तुला कळतं. खरं सांग. वाऱ्यानं मेली का माह्या चिंधीनं?"

त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं ते आजही तसंच चालतं. वाऱ्यानं म्हणाले असते तर या बाईला रडता आलं असतं आणि तांड्यातली सगळी धुराडी त्या आठवड्यात बंद झाली असती. सविता पलीकडच्या घरात होती, तिचं पोट मी येताना पाहिलं होतं. चिंधीनं म्हणाले तर, जिनं माझ्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली, तिला मी तिच्याच लेकीची मारेकरी ठरवणार. अशा वेळी योजनेचे साहेब कुठं असतात? फोटोला येतात. नाव तर तेच ठेवून गेले, निर्धूर. लोकांनी धरलं, धूर तेवढा वैरी. मी दोनदा सांगून काय उपयोग, नाव तर रोज बोललं जातं.

"चिंधीनं," मी म्हणाले. "निखाऱ्याचा वायू कोंडला. वारं लागलं न्हाई तिला. वारं लागलं असतं तर वाचली असती."

ती रडली नाही. मान हलवली, "बराबर," एवढंच म्हणाली आणि बाहेर जाऊन बायकांत बसली. बाळूनं माझ्याकडं बघितलं आणि त्याला कळलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. निघायच्या आधी सविताच्या पाइपातली चिंधी मी स्वतः ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी चंदीबाईनं पहारीनं चूल फोडली. पाइप उपटून माळावर टाकला, एरवी तिच्यानं तो उचललाही गेला नसता. तेव्हापासून ती अंगणात, उन्हापावसात, तीन दगडांवर रांधते. घरात विस्तव नेत नाही. नातू त्याच्या बापाकडं वाढतोय.

योजना बंद पडली, गॅस आला. 'आता चुली कशाला?' असं मला हिंगोलीत शिकलेले लोक विचारतात. तांड्यावर या म्हणावं. टाकी भिंतीशी उभी असते, वर घडी केलेल्या गोधड्या ठेवलेल्या असतात. पाव्हणे आले की चहा गॅसवर. भाकरी, अंघोळीचं पाणी आणि बाळंतिणीचा शेक चुलीवरच. त्यामुळं जुन्या चुलींची डागडुजी करायला मला अजून बोलावणं येतं.

गेल्या हिवाळ्यात तांड्यावरच्याच गंगूबाईच्या घरच्या पाइपाची टोपी वाऱ्यानं उडाली, म्हणून गेले. बाळंतिणींकडं फिरणारी आरोग्य खात्याची आशाताई वाटेत भेटली, तिनं आधीच सांगून ठेवलं. म्हणाली, "मावशी, चंदीबाईचं डोकं फिरलंय म्हणतात लोक. कुठंबी बाळंतीण असली की ही उदबत्तीचा पुडा घेऊन दारात. मायबाप हो, आत येऊ द्या, चूल बघू द्या, म्हणती. लोक हाकलतात. जिची लेक बाजेवर मेली ती बाळंतिणीच्या घरी उदबत्ती घेऊन आली म्हंजी करणीच करून राहिली, असं म्हणतात. मागं एका घरानं तिच्या अंगावर कढत पाणी फेकलं. हात भाजला, तरी जायची थांबली न्हाई."

गंगूबाईची सून तेव्हा बाळंत झालेली. मी पोचले तर चंदीबाई दारात उभी होती. पुष्कळ म्हातारी झालेली, उजव्या हाताची कातडी आवळलेली, आणि त्या हातात एक पेटलेली उदबत्ती. गंगूबाई उंबऱ्यातून ओरडत होती, "जाती का न्हाई? माह्या घरात कच्चं लेकरू हाय!" मला बघून तिला आधार वाटला. "बाई, तुमीच सांगा हिला. ही इथं काहून येती?"

चंदीबाईनं माझ्याकडं बघितलं नाही. ती चुलीकडं बघत होती. दारातून चूल दिसत होती आणि तिच्यात निखारे होते, लालभडक, धूर अजिबात नाही.

मी चंदीबाईच्या हातातली उदबत्ती घेतली आणि गंगूबाईला बाजूला सारून आत गेले. मला येऊ देतात, मी टोपी बसवायला आलेली. उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरली. तिचा धूर आत गेला नाही. वळला आणि माझ्या डोळ्यांत आला. बाजेवर सून गाढ झोपली होती, कुशीत लेकरू. मी तिला गदागदा हलवलं. तिनं डोळे उघडले, डोकं धरलं, म्हणाली, "माय, लई जड झालंय वं." मी त्या दोघांना दारात उन्हात आणून बसवलं, मग पाइपाचं झाकण काढून हात घातला आणि बोळा ओढून काढला. गंगूबाई मागं उभी राहून म्हणत होती, "वारं लागंल, बाई, वारं लागंल."

बोळा घेऊन मी बाहेर आले. चंदीबाईनं तो माझ्या हातातून घेतला. भाजलेल्या बोटांनी हळूहळू उलगडला, गुडघ्यावर पसरून सरळ केला. जुनं, मऊ, पुष्कळ धुतलेलं कापड होतं.

"असंच व्हतं," ती म्हणाली. "मऊ बघून घेतलं व्हतं मी."

इतक्या वर्षांत ती माझ्याशी एवढंच बोलली. चिंधीची नीट घडी करून तिनं कनवटीला खोवली, पुड्यातून दुसरी उदबत्ती काढली आणि पलीकडच्या आळीत कुणाकडं पाळणा हलला होता तिकडं निघाली. मागून गंगूबाई तिला शिव्या देत होती.